ड्रोनचा तिसरा जोड

हे मी अजून कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दुकानातल्या माणसांजवळ नाही, देवापुढे उभं राहूनसुद्धा नाही—तिथे तर मी सरळ पुढचं मागणं मागतो आणि घंटी वाजवून निघतो. तुमच्याजवळ बोलतोय. का? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

मी आर्णीचा. फवारणीचे पंप विकतो, दुरुस्त करतो. सुरुवात बसस्टँडच्या बाजूला पोतं टाकून केली—जुने पाठीवरचे पंप घ्यायचे, घासायचे, वायसर बदलायचे आणि विकायचे. कुणी शिकवलं नाही, कुणी उभं केलं नाही. आज दोन शटरचं दुकान आहे. माझ्याशी भाव करायला येणारा माणूस आधी बाहेर चहा पिऊन हिंमत करतो, असं लोक म्हणतात. डोकं लवकर तापतं, असंही म्हणतात. दोन्ही खरं.

मला एक गोष्ट मात्र मनापासून कळते—झीज. पंप हातात घेतला, दांडा एकदा वर-खाली केला की आत काय घासलंय ते मी सांगू शकतो. पिस्टन किती चाललाय, आटे कुठे मेलेत, कोणता जोड पुढच्या हंगामाला सोडून देणार. आणि याची दुसरी बाजूही मला तितकीच येते. जुना माल विकणाऱ्याला ती यावीच लागते. जोड हालतो? थंड पेयाच्या डब्याची पातळ पत्री कापायची, आत गुंडाळायची—जोड नव्यासारखा घट्ट. काळ्या भागावर चिरेची पांढरी रेघ दिसते? बुटाचं काळं पॉलिश बोटावर घ्यायचं, रेघेत जिरवायचं, फडक्यानं पुसायचं. गिऱ्हाईक उन्हात धरून बघो, नाहीतर नाकाला लावून बघो. पंपानं कुणाचा जीव जात नाही—असं मी स्वतःला सांगायचो.

मग मी ड्रोन घेतला. 

काय सांगू तुम्हाला! आमच्या पट्ट्यात पहिला फवारणीचा ड्रोन माझा. सहा आर्म, प्रत्येकाच्या टोकाला मोटर, मोटरवर पाती, मध्ये दहा लिटरची टाकी. गाडीत न्यायला आर्म दुमडायचे, शेतात उघडायचे, आणि प्रत्येक जोडावर एक कडी असते ती फिरवून आवळायची. पहिल्यांदा तो कपाशीवर उठला तेव्हा पानं उलटी होऊन सगळं शेत पांढुरकं झालं आणि मी—पन्नाशीला आलेला माणूस—धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून शिट्ट्या मारत होतो. म्हाताऱ्या बाया त्याला ‘इमान’ म्हणायच्या, म्हणजे विमान. ‘आलं वो पंपवाल्याचं इमान!’ त्या हंगामात मी जमिनीवरून चालत नव्हतो, खरंच.

उडवणारी होती प्रणाली. आमच्याच तालुक्यातली, कपाशी-तूर करणाऱ्या घरची. बारावी झाल्यावर हट्टानं पायलटचं प्रशिक्षण घेऊन, परवाना घेऊन आली होती. मला काका म्हणायची. रिमोट हातात आला की तिचा चेहरा बदलायचा, हसू दाबून धरल्यासारखा. पण उडवण्याआधी तिची एक तपासणी असायची आणि त्या तपासणीपायी माझा जीव जायचा.

ती आधी हातातल्या बांगड्या काढून गाडीच्या बोनेटवर ठेवायची. बांगड्यांच्या आवाजात जोडाचा आवाज ऐकू येत नाही म्हणे. मग डावीकडच्या पुढच्या आर्मपासून सुरुवात. पात्याच्या कडेवरून नख फिरवायचं—कुठे तुटलंय का, चरे आहेत का. मोटर बोटानं फिरवायची—आत खरखर लागते का. मग कडी आवळायची, आर्म दोन्ही हातांनी धरून ओढायचा, हलवायचा, कान जवळ न्यायचा. मग दुसरा. मग तिसरा. शेतकरी उभा, मजूर उभे, ऊन डोक्यावर—आणि बाई ड्रोनभोवती प्रदक्षिणा घालतेय. ‘पूजा झाली का वो?’ असं मी ओरडायचो. ती म्हणायची, ‘नारळ फोडाचा राह्यला, काका.’

आता माझ्या मनात जे सलतं ते सांगतो. आजही सांगताना कानशिलं गरम होतात.

पुसदकडे जाताना एक मोठं वावर आहे. त्या मालकानं मोठ्या हौसेनं ड्रोन बोलावला होता. जावई आला होता, व्याही आले होते, ट्रॅक्टरवर बसून पोरंसोरं आली होती. टाकी भरली. मी सगळ्यांना ड्रोन समजावून सांगत होतो, रंगात आलो होतो. प्रणाली तिसऱ्या आर्मपाशी थांबली. हलवला. पुन्हा हलवला. कान लावला.

‘काका, आज उडणार नाई.’

‘काहून?’

‘तिसऱ्याचा जोड घासला. कट-कट करून राह्यला. आन् ही रेघ पाहा, चीर जाऊन राह्यली.’

मी भाव करणारा माणूस. मी तिथेच भाव सुरू केला. म्हटलं, दोन चकरा मार. म्हणाली, एकही नाही. म्हटलं, अर्धी टाकी भर. म्हणाली, रिकाम्या टाकीनंही नाही. म्हटलं, अवो, थोडासाच तं हालते! ती म्हणाली, ‘थोडासाच हालते म्हनूनच अजून धड हाय, काका. जास्त हालला अस्ता तं आतापर्यंत पडला अस्ता.’

व्याही हसले. मालक म्हणाला, ‘का भाऊ, इमानाले नजर लागली का? लिंबू-मिरची बांधा!’ ट्रॅक्टरवरून एक आवाज आला, ‘अबे, हे तं बसलं इमान होय!’ आणि झालं. बसलं इमान. बसस्टँडवर, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत—‘काय म्हन्ते तुमचं बसलं इमान?’ उमरखेडच्या एका माणसानंही तेव्हा नुकताच ड्रोन घेतला होता. त्या मालकानं दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावलं आणि त्याचा ड्रोन त्याच वावरावर उडाला. तुम्ही सांगा, मी हे गिळायचं कसं? पोतं टाकून बसणाऱ्या माणसानं एवढं उभं केलं आणि कालच्या पोरीनं चार लोकांत त्याला खाली बसवलं. बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का? आधी सांगता आलं नसतं का?

खरं सांगू?

तिनं आधी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं, दुकानात, बाजूला घेऊन. ‘काका, तिसरा जोड बदलून घ्या, हंगाम नाई काढाचा.’ मी म्हटलं होतं, बघू. हे मी लोकांना कधी सांगितलं नाही. लोकांना मी सांगतो की पोरीनं चार लोकांत इज्जत काढली. इतक्या वेळा सांगितलंय की आत्ता तुम्हालाही तसंच सांगणार होतो.

त्यानंतर मी नवा जोड मागवला. खरंच मागवला. पण नागपूरच्या विक्रेत्यानं एकट्या जोडासाठी पूर्ण आर्म घ्यावा लागेल असं सांगितलं, आणि माझं डोकं सटकलं. मी फोनवर त्याला नको ते बोललो, तो मला बोलला, मी फोन आदळला. दोन दिवसांनी पुन्हा लावला तर त्यानं उचललाच नाही. आणि चार दिवसांवर शोभाताईंचा कार्यक्रम आला होता.

शोभाताई आमच्या भागातल्या महिला बचत गटांच्या अध्यक्ष. त्यांचे गट मिळून ड्रोन घेणार होते आणि त्यासाठी पायलट म्हणून बाईच पाहिजे होती. आधी प्रात्यक्षिक बघू, मग ठरवू, असं त्यांचं म्हणणं. ड्रोन माझ्यामार्फत घ्यायचा, पायलट प्रणाली. प्रणालीनं मला काही बोलून दाखवलं नाही, पण ते काम तिला किती हवं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. गटाची पगारी पायलट, स्वतःच्या तालुक्यात, बायांसाठी—तिनं त्या दिवशी नवा ड्रेस घातला होता. आणि मला? मला फक्त लोकांच्या तोंडातून ते ‘बसलं इमान’ काढायचं होतं.

आदल्या दिवशी दुपारी ती बॅटऱ्या चार्जिंगला लावून जेवायला घरी गेली. मी दुकानाच्या मागच्या बाजूला ड्रोन घेतला. थंड पेयाचा डबा कात्रीनं कापला. तिसरा जोड उघडला, पत्री गुंडाळली, कडी बसवली, हलवून पाहिलं. घट्ट! दगडासारखा घट्ट! तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी हात विसरले नव्हते. मग पॉलिशची डबी. चीर बोटाखाली लागत होती, वावरात दिसली त्यापेक्षा लांब होती—हे मला कळलं. कळलं म्हणजे नीट कळलं. मी ती भरली, पुसली, उन्हात धरली. काहीच दिसत नव्हतं.

ती आली तेव्हा मी म्हटलं, ‘घे, नवा जोड बसवला तुह्या मनासारखा.’

तिनं आर्म हलवला. एकदा, दोनदा. आणि अशी हसली! ‘काका, आता कसं बरं वाटते पाहा! तुमी कुरकुर करता, पन करता.’

मी काय केलं असेल त्या वेळी? मी बॅटरीच्या वायरीबद्दल तिला उगाच बोललो. कारण नसताना. जोरात.

कार्यक्रमाच्या दिवशी—काय गर्दी होती! निंबाखाली ताडपत्री, ताडपत्रीवर बाया, धुऱ्यावर पुरुष, मोटरसायकली पार डांबरी सडकेपर्यंत. भाजीच्या गाडीवाल्याचा भोंगा मी मागून आणला होता आणि मी बोलत सुटलो होतो. असा बोललो की बायांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी म्हणाली, ‘ह्या इमानात बसता येते का रे बापू?’ मी म्हटलं, ‘आजी, तुमी बसा, तुमाले सासरी सोडून देतो!’ सगळं शेत हसलं.

प्रणालीनं बांगड्या काढल्या. सुरुवात केली. पहिला आर्म. दुसरा. मी भोंग्यात बोलत होतो, पण डोळे तिच्या हातांवर होते. ती तिसऱ्याजवळ आली, कडी धरली आणि नेमकी त्याच वेळी शोभाताईंनी हाक मारली, ‘बाई, आमच्या पोरींना इकडून दिसत नाही, तोंड जरा इकडे करून सांग न!’ ती वळली, दोन शब्द बोलली, हसली, पुन्हा ड्रोनकडे फिरली. मग चौथा, पाचवा, सहावा. मग रिमोट.

आणि ते उठलं! आवाजानं छाती हालत होती. बायांनी पदर धरले, पोरं किंचाळली, कपाशीची पानं उलटी झाली आणि पांढरी लाट शेताच्या त्या टोकापर्यंत धावत गेली. प्रणाली उभी होती, पाय रोवून, हसू दाबून. पहिली चकर. वळलं. दुसरी चकर. शोभाताई उठून उभ्या राहिल्या होत्या. धुऱ्यावर त्या पुसदकडच्या वावरात हसलेल्यांपैकी एक उभा होता. मी भोंग्यातून त्याला नाव घेऊन विचारलं, ‘का बाप्पा, बसलं का इमान?’ माझ्या आयुष्यात मी इतका वर कधी गेलो नव्हतो, आणि नंतरही नाही.

तिसऱ्या चकरेला वळताना तिसरा आर्म खाली दुमडला.

ते गरकन फिरलं, आडवं झालं आणि बायांच्या ताडपत्रीपासून थोड्याच अंतरावर कपाशीत आपटलं. पाती फिरतच होती, बोंडं आणि माती उडत होती. सगळे मागे पळाले. प्रणाली पुढे पळाली—बॅटरी काढायला, कारण पाती चालू होती आणि एक बाई पळताना पडली होती. तिनं हात घालून बॅटरी ओढली. पात्याचा तुटका तुकडा तिच्या मनगटाला लागला. रक्त आलं.

मीही पुढे पळालो. लोकांना वाटलं, तिच्यासाठी. मी पत्री शोधत होतो. मोडलेल्या जोडाशेजारी ती मातीत चमकत होती, डब्याचा लाल रंग अजून तिच्यावर होता. मी तिच्यावर बूट ठेवला आणि उभा राहिलो.

प्रणाली गुडघ्यावर बसून, मनगटाला ओढणी गुंडाळून, मोडलेले भाग हातात घेऊन बघत होती. माझ्या पायाशी. ‘तपासलं होतं,’ ती म्हणत होती. ‘ताई, मी हात लावून तपासलं होतं.’ शोभाताई म्हणाल्या, ‘मग कसं पडलं, बाई?’ आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, ‘जोड नवाच होता. लॉकची कडी फिरवाची राह्यली असंन. मधात तुमी हाक मारली न.’

इतकंच. आवाजही चढवला नाही. उलट मायेनं बोललो. धुऱ्यावरचे लोक ‘अरेरे’ करत होते, पण माझ्यासाठी नाही. ‘पोरगी घाबरली गर्दीले,’ असं म्हणत होते. माझ्या इमानाला कुणी काही बोललं नाही. मोडलेला जोड मीच गोळा केला, फडक्यात बांधला आणि येताना पुलावरून टाकला. पत्रीही. बचत गटांनी ड्रोनचा विचार सोडला. प्रणालीला मनगटाला टाके पडले, ते भरले. तिनं त्यानंतर रिमोट हातात घेतला नाही. मी तिला कामावरून काढलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी दोनदा निरोप पाठवला होता, ‘ये, नवा आर्म आनला.’ ती आली नाही. ती येणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच निरोप पाठवले.

इथेच थांबलं असतं तर मी कदाचित बोललो नसतो.

तीन हंगाम गेले. मागच्या दिवाळीनंतर ती दुकानात आली. साडीच्या दुकानात कामाला आहे, हे माहीत होतं. गिऱ्हाईक नव्हतं. मी स्टूल दिलं. ती बसली नाही.

‘काका, एक विचाराचं होतं. उमरखेडवाले विचारून राह्यले, आमच्याकडे पायलट म्हनून येते का. तीन ड्रोन झाले त्याईचे.’

उमरखेडवाले. माझ्या डोळ्यांपुढे लगेच ते पुसदकडचं वावर आलं, ट्रॅक्टर आला, हसणं आलं. तीन ड्रोन झाले त्याचे.

‘मग जा न,’ मी म्हटलं.

‘जाईन. मले जाचंच हाय. पन आधी मले खरं पाह्यजे.’ ती काउंटरवर हात ठेवून उभी होती, मनगटावरची खूण दिसत होती. ‘तुमी जवळच होते त्या दिवशी. तुमी माह्याकडेच पाहत होते, मले आठवते. शोभाताईनं हाक मारली, मी वळली, मग पुढचं मले आठवत नाई. मी लय विचार केला. तिसऱ्याची कडी मी फिरवली होती का, काका? फिरवली असंन तं माह्या हाताची चूक नाई, मंग मी जातो. नसंन फिरवली तं लोकायच्या डोक्यावर मी कायले उडवू?’

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. माझ्यावर भरवसा ठेवून.

मला एक शब्द बोलायचा होता. तो बोललो असतो तरी पत्रीबद्दल सांगावं लागलं नसतं. नुसतं ‘फिरवली होती’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो जोड का सुटला हे तिनं विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, मालच खराब आला होता. मी बाजारात आयुष्य काढलंय, एवढं मला त्या क्षणात सुचलं होतं. सगळं सुचलं होतं.

मी म्हटलं, ‘नाई, बाई. तिसरी राह्यली होती. मी पाह्यलं, पन बोललो नाई तुह्या तोंडावर.’

तिनं मान हलवली. थोडा वेळ काउंटरवरच्या नोझलची पाकिटं सरळ करत राहिली. मग म्हणाली, ‘बरं झालं विचारलं.’ आणि गेली. उमरखेडला तिनं नाही कळवलं. आजही ती साड्यांच्या घड्या घालते.

तिनं ती कडी फिरवली होती. शोभाताईंशी बोलून वळली, कडीवर पुन्हा हात ठेवला, आवळली, मग दोन्ही हातांनी आर्म धरून ओढला आणि कान जवळ नेला. कान जवळ नेला तेव्हा मी भोंग्यातला आवाज वाढवला होता.